युवकांची श्रमपथके व गावची शाळा : जमिनीच्या कामातील सहकार्य

महाविद्यालयीन युवकांची पथके हिवाळ्यात खेड्यांत येऊन राहतात आणि टेकडीवर चर खणणे, ओघळीत दगडी बांध घालणे, झाडांसाठी खड्डे घेणे अशी कामे करतात, हे दृश्य आपल्या जिल्ह्यातील शिक्षकबंधुभगिनींस अपरिचित नाही. अशा पथकाचा मुक्काम बहुधा प्राथमिक शाळेच्या इमारतीतच पडतो. मुख्याध्यापक खोल्या उघडून देतात, उद्घाटनास व समारोपास हजर राहतात, निघताना किल्ल्या परत घेतात; आणि शाळेचा त्या कामाशी असलेला संबंध तेथेच संपतो. हा संबंध इतक्यावर संपू नये, किंबहुना तो पथक येण्यापूर्वी चार महिने सुरू व्हावा आणि पथक गेल्यानंतर दोन उन्हाळे टिकावा, असे प्रस्तुत लेखात सुचवावयाचे आहे.

त्याचे कारण साधे आहे. पथक सात दिवस राहते. जमिनीचे काम सात दिवसांत सुरू होऊ शकते, पुरे होत नाही. खणलेल्या चरात पहिल्या पावसाने माती उतरते, ती काढावी लागते. लावलेल्या रोपास दोन उन्हाळे पाणी घालावे लागते. दगडी बांधातील एखादा दगड निसटला तर तो त्याच आठवड्यात बसवावा लागतो. नाही तर पुढच्या पुरात सारा बांध वाहून जातो. ही मागची कामे करणारे कोणी नसेल, तर युवकांचे कष्ट व्यर्थ जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे गावाला अशा कष्टांची चेष्टा करण्याची सवय लागते. एका गावी शाळेमागील माळावर लागोपाठ तीन वर्षे त्याच खड्ड्यांत रोपे लावली गेल्याचे मी पाहिले आहे. चौथीतील एका मुलास मी विचारले, “ही झाडे कोणी लावली?” तो म्हणाला, “झाडे नाहीत साहेब, खड्डे आहेत.” त्या मुलास वनस्पतिशास्त्राचा कोणता धडा मिळाला असेल, हे वेगळे सांगावयास नको.

आपल्याकडे येणारी पथके मुख्यतः राष्ट्रीय सेवा योजनेची असतात. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ही योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. योजनेतील स्वयंसेवकाने सामान्यतः वर्षास १२० तास, याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास सेवा करावी, आणि त्याखेरीज सात दिवसांच्या एका विशेष शिबिरात भाग घ्यावा, अशी अपेक्षा असते. साधारण १०० स्वयंसेवकांचे एक एकक असून त्यावर महाविद्यालयातील एक प्राध्यापक कार्यक्रम अधिकारी म्हणून नेमलेले असतात. विशेष शिबिरास यांपैकी सुमारे निम्मे येतात. हे आकडे शिक्षकांनी ध्यानात ठेवावेत, कारण कामाची आखणी त्यांवरूनच करावयाची आहे. विशेषतः १२० तासांचा आकडा विसरू नये. शिबिराचे सात दिवस सर्वांच्या डोळ्यांत भरतात. परंतु जवळच्या महाविद्यालयातील दहा-बारा मुले वर्षातून चार रविवार आपल्या गावी येऊ शकतात, ही गोष्ट क्वचितच कोणी उपयोगात आणतो.

युवकांच्या हातांनी जमीन दुरुस्त करण्याचा फार मोठा प्रयोग अमेरिकेत झाला, आणि त्यातील दोन गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत. १९३३ साली, मंदीने लाखो तरुण बेकार झाले असता, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ‘सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर’ नावाचे दल उभारले. १८ ते २५ वयाचे अविवाहित तरुण त्यात घेतले जात. महिना ३० डॉलर वेतन, त्यांपैकी सुमारे २५ डॉलर परस्पर घरी पाठविले जात. १९४२ मध्ये दल बंद झाले तोपर्यंत जवळजवळ ३० लाख तरुण त्यातून गेले आणि सुमारे ३०० कोटी झाडे त्यांनी लावली.

यातील बहुसंख्य मुलांनी हाती कुऱ्हाड कधी धरलेली नव्हती. कित्येक तर मोठ्या शहरांतून आलेले. म्हणून प्रत्येक छावणीत त्या परिसरातील काही जाणती माणसे पगारावर नेमण्यात आली. त्यांचे हुद्द्याचे नावच ‘स्थानिक अनुभवी माणूस’ असे होते. झाड कोणत्या बाजूस पाडावे, हत्यारास धार कशी लावावी, कोणता ओढा पावसात उलटतो, हे ती माणसे मुलांना शिकवीत. हात बाहेरचे, जाण गावची, अशी ती जोडणी होती.

दुसरी गोष्ट विस्कॉन्सिन राज्यातील कून व्हॅली या खोऱ्यातील. तेथील उतारांवरची माती वाहून जाऊन शेतांत खोल घळी पडल्या होत्या. १९३३ मध्ये या खोऱ्यात मृद्संधारणाचा पथदर्शी प्रकल्प सुरू झाला आणि वर सांगितलेल्या दलातील तरुण तेथे राबले. परंतु कोणाच्याही शेतात नुसते जाऊन काम केले गेले नाही. प्रत्येक शेतकऱ्याशी पाच वर्षांचा लेखी करार करण्यात आला. सरकारने मजूर, रोपे, बियाणे व तांत्रिक सल्ला द्यावा. शेतकऱ्याने उतारास आडवी नांगरट करावी, तीव्र उतारावरील रानात गुरे सोडू नयेत व झालेले काम राखावे. शेकडो शेतकऱ्यांनी असे करार केले. ज्याच्या जमिनीत काम झाले त्याने पुढे काय करावयाचे, हे पहिली कुदळ पडण्याआधीच ठरलेले होते. मला वाटते, त्या खोऱ्याच्या यशात मुलांच्या घामाइतकाच त्या कागदाचाही वाटा आहे.

महाराष्ट्रातही श्रमसंस्काराची परंपरा लहान नाही. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे सुरू केलेल्या उन्हाळी श्रमछावणीने अनेक पिढ्यांतील तरुणांच्या हातांना घट्टे पाडले. २०१६ ते २०१९ या चार वर्षांत पानी फाउंडेशनने घेतलेल्या वॉटर कप स्पर्धेत तर गावेच्या गावे ४५ दिवस खणीत होती. पहिल्या वर्षी तीन तालुके होते आणि सातारा जिल्ह्यातील वेळू गाव पहिले आले. या स्पर्धेतील घ्यावयाचा भाग म्हणजे, खणण्यास आरंभ होण्यापूर्वी गावातील निवडक स्त्रीपुरुषांना प्रशिक्षण दिले जाई. समपातळी रेषा आखता येणारी माणसे गावातच तयार होत. बाहेरून जी मदत आली ती या माणसांच्या हाताखाली राबली.

आता आपल्या शाळेकडे वळू. पथकाकडून कोणते काम करून घ्यावे, हा पहिला प्रश्न. बहुतेक गावे “वृक्षारोपण” असे उत्तर देतात. शिबिर मात्र डिसेंबर-जानेवारीत असते, आणि त्या वेळी लावलेले रोप पुढील पाच महिने पावसाचा थेंब पाहत नाही. तेव्हा हिवाळी शिबिरात रोपे लावू नयेत, असे मी स्पष्टपणे सांगेन, मग पाहुण्यांच्या हस्ते एखादे लावण्याचा आग्रह कितीही झाला तरी. हिवाळ्यात खड्डे घ्यावेत. ते उन्हाळाभर तापतात, जूनमध्ये माती व शेणखत घालून भरता येतात, आणि पाऊस स्थिरावल्यावर रोपे लावता येतात. लावणीच्या त्या दोन दिवसांसाठी मात्र स्वयंसेवकांना आपल्या १२० तासांतून पुन्हा बोलवावे. ज्याने खड्डा घेतला त्यानेच रोप लावले म्हणजे तो पुढच्या वर्षी ते पाहावयासही येतो.

किती रोपे, याचा हिशेब पाण्यावरून करावा, हातांवरून नव्हे. समजा, २०० रोपे लावली. फेब्रुवारीपासून जूनच्या मध्यापर्यंत सुमारे १८ आठवडे होतात. आठवड्यास रोपामागे १० लिटर धरले तर एका उन्हाळ्यास ३६,००० लिटर पाणी लागते. पाच लिटरच्या बादलीने ७,२०० खेपा. ज्या गावी मार्चनंतर बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या असतात तेथे हे पाणी कोठून यावयाचे? तीच रोपे ४० असतील तर आठवड्यास ८० बादल्या, म्हणजे शाळेच्या पाच दिवसांत रोज १६ बादल्या होतात. आणि ते कोणत्याही दोन वर्गांना झेपण्यासारखे आहे. त्यातही खरी अडचण पुढेच आहे. शाळेस सुट्टी लागते ती नेमकी मे महिन्यात, ज्या वेळी रोपास पाण्याची सर्वांत अधिक गरज असते. म्हणून शाळेजवळ राहणाऱ्या पालकांशी आधीच बोलावे, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत सुट्टीतील पाळ्या ठरवून इतिवृत्तात नोंदवाव्यात. बुडाशी बारीक छिद्र पाडून त्यात वात बसविलेले मडके रोपाशेजारी पुरले, आणि आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन दिले, तर पाण्याच्या पाळ्या पुष्कळ कमी होतात.

रोपांपेक्षा हिवाळी शिबिरास अधिक साजेसे काम म्हणजे मुरमाड पडीक उतारावरील समपातळी चर. मातीत थोडी ओल असते, ऊन सौम्य असते, आणि झालेले काम पहिल्याच पावसात आपला गुण दाखविते. ६० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल चराच्या एका मीटर लांबीत १८० लिटर पाणी मावते. ५० जणांच्या शिबिरात स्वयंपाक, पाणी, आजारपण वजा जाता ४० जण कामावर येतात असे धरावे. नवखा मुलगा सकाळच्या चार तासांत मुरमात अर्धा घनमीटर खणतो, असा माझा अनुभव आहे. गावचा मजूर त्याच्या कितीतरी पुढे असतो. सात दिवसांतील येण्याजाण्याचे दोन वगळून पाच दिवसांत १०० घनमीटर खोदाई, म्हणजे सुमारे ५५५ मीटर चर होतो, आणि तो एकदा भरला की एक लाख लिटर पाणी जमिनीत मुरावयास थांबते. हे गणित सातवीच्या वर्गाकडून फळ्यावर करून घ्यावे आणि मगच मुलांना टेकडीवर न्यावे. घनफळाचा धडा इतक्या लवकर दुसऱ्या कोणत्याही उदाहरणाने उमजत नाही.

चर समपातळीतच हवा. जरा तिरका गेला तर तो पाणी अडवीत नाही, वाहून नेतो, आणि जेथे संपतो तेथे नवी घळ पाडतो. आखणीसाठी फार मोठे साधन लागत नाही. दोन सारख्या लांबीच्या काठ्या टोकाशी बांधून, खाली फाकवून, मध्ये आडवी काठी बांधावी, म्हणजे इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी चौकट होते. शेंड्यापासून ओळंबा सोडावा. चौकट जमिनीवर उभी करून दोन्ही पायांच्या जागी खुंट्या ठोकाव्यात आणि दोरी आडव्या काठीस जेथे लागते तेथे खूण करावी. मग चौकट फिरवून पायांची अदलाबदल करून त्याच खुंट्यांवर ठेवावी व दुसरी खूण करावी. दोन खुणांचा मध्य म्हणजे समपातळीची खूण. दोरी त्या खुणेवर येईल अशा रीतीने चौकट पुढे पुढे नेत गेले की रेषा आपोआप मिळते. सहावी ते आठवीची मुले ही आखणी फार चांगली करतात. महाविद्यालयातील तरुणांना आपण आखलेल्या रेषेवर खणताना पाहून त्या मुलांच्या चेहऱ्यांवर जे येते, त्यासाठी तरी हा खटाटोप करावा. काम मात्र माथ्यापासून पायथ्याकडे न्यावे. खालचे आधी केले तर वरचा लोंढा ते फोडतो.

खणण्याची जागा शिक्षकाने एकट्याने ठरवू नये. पावसाळ्यात पाणी कोठून उतरते, हे दप्तरात लिहिलेले नसते. ते गुराख्यास, वयस्क शेतकऱ्यास आणि लाकूडफाट्यास जाणाऱ्या स्त्रियांना ठाऊक असते. अशा चार-पाच जणांना शिबिरापूर्वी टेकडीवर घेऊन जावे आणि शिबिराचे पाचही दिवस त्यांना कामावर मुकादम म्हणून मानाने उभे करावे. त्यांची रोजी बुडत असेल तर ती ग्रामपंचायतीने किंवा गावाने वर्गणीतून भरून द्यावी. रोज मजुरी करून पोट भरणाऱ्या माणसाकडे फुकट श्रमदानाची अपेक्षा आपण पगारदारांनी करणे शोभत नाही.

याच ठिकाणी एक नाजूक गोष्ट आहे. ज्या पडीक जमिनीवर आपण काम करू पाहतो ती कोणाची तरी चराई असते. गायरान असेल तर ग्रामपंचायतीची व ग्रामसभेची संमती घ्यावी; वनक्षेत्राची हद्द असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून एक घमेलेही माती हलवू नये. परंतु कागदोपत्री संमती मिळाली म्हणजे झाले, असे नव्हे. चर खणून तेथे गुरे बंद केली तर ज्याच्याकडे गोठा व कडबा आहे त्याचे काही अडत नाही. ज्या विधवेच्या तीन शेळ्या त्या माळावरच जगतात, तिचे मात्र अडते. ग्रामसभेत ती बोलत नाही. रात्री कुंपण काढून शेळ्या आत सोडते, आणि गाव तिला नावे ठेवते. तिच्याशी आधी बोलणे हे शिक्षकास शक्य असते, कारण तिचा मुलगा आपल्याच वर्गात असतो. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर हिवरे बाजार येथे जे काम उभे राहिले, त्यात चराईबंदीबरोबर गवत कापून नेण्याची मुभा होती. माळाचा एक भाग एक-दोन वर्षे बंद ठेवून उरलेला खुला ठेवणे, बंद भागातील गवताचा पहिला हक्क भूमिहीनांस देणे, आणि चराच्या भरावावर सीताफळ व करंज अशी शेळी तोंड न लावणारी झाडे घेणे, असा मार्ग त्यातून निघू शकतो. हे सारे ठरल्यावर कून व्हॅलीप्रमाणे एक कागद करावा. त्यात गाळ कोण काढील, पाणी कोण घालील, गवत कोणास मिळेल, हे लिहून सरपंच, मुख्याध्यापक, कार्यक्रम अधिकारी आणि ज्यांची गुरे तेथे चरतात त्यांच्यापैकी दोघे, यांच्या सह्या घ्याव्यात.

मुलांच्या बाबतीत काही मर्यादा पाळल्याच पाहिजेत. प्राथमिक शाळेतील मुलांच्या हाती टिकाव, पहार वा कुदळ देऊ नये आणि खणणाऱ्या रांगेपाशी त्यांना उभे करू नये. मोजणे, आखणे, नोंद करणे, बी गोळा करणे, रोपास पाणी घालणे, हीच त्यांची कामे होत. मोठ्या स्वयंसेवकांतही दोघांत दोन हातांहून अधिक अंतर असावे. हत्यारांचे दांडे रोज सकाळी तपासून घ्यावेत. दगड उलथताना त्याखाली विंचू असतो हे शहरी मुलांना माहीत नसते, ते पहिल्याच दिवशी सांगावे. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कोठे आहे व वाहन कोणाचे मिळेल, हे फळ्यावर लिहून ठेवावे.

शिबिराची व्यवस्था शाळेत असेल तर वर्ग बंद पडू देऊ नयेत. सकाळी पथक टेकडीवर असते, त्या वेळी खोल्या मोकळ्याच असतात. शालेय पोषण आहाराचा शिधा व शिबिराचा शिधा एकत्र ठेवू नये. मागाहून हिशेब जुळत नाहीत आणि शब्दाने शब्द वाढतो. मुलींच्या निवासास स्वतंत्र खोली, दार आतून बंद होणारे स्वच्छतागृह आणि मुक्कामास एक स्त्री-कार्यक्रम अधिकारी अथवा शिक्षिका, यांची खात्री झाल्यावाचून शिबिरास होकार देऊ नये.

संध्याकाळच्या कार्यक्रमात स्वयंसेवकांनी गावास उपदेश करण्याची एक प्रथा पडून गेली आहे. त्याऐवजी एक दिवस गावानेच बोलावे. मोठ्या दुष्काळाच्या, १९७२च्या आठवणी सांगणारी माणसे अद्याप आहेत. त्या काळी रोजगाराच्या कामांवर त्यांनी खडी फोडली, तळी खणली. त्यांचे बोलणे सातवीच्या मुलांनी लिहून घ्यावे.

शिबिर संपल्यावर शाळेत एक साधी वही ठेवावी. महिन्याच्या पहिल्या शनिवारी मुलांनी जिवंत रोपे मोजावीत, चरात किती बोटे गाळ साचला ते पाहावे, पाऊस पडल्यावर पाणी किती दिवस उभे राहिले ते लिहावे. मेलेले रोपही नोंदवावे आणि ते का मेले असावे हेही. आकडा लहान दिसतो म्हणून तो झाकण्याचा मोह शिक्षकास होऊ नये. वहीत ४० पैकी २६ असे लिहिलेले असेल तर पुढील पथकास कोठे हात घालावयाचा ते कळते. वहीची नक्कल वर्षातून दोनदा महाविद्यालयाकडे पाठवावी.

ज्या शाळांना येत्या हिवाळ्यात अशा पथकाचे सहकार्य हवे असेल त्यांनी ऑगस्टअखेर जवळच्या महाविद्यालयाच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांस पत्र लिहावे. दिवाळीनंतर लिहिलेल्या पत्रास बहुधा “गाव ठरले आहे” असे उत्तर येते. पत्रात कामाची जागा व तिची मालकी, उताराचे स्वरूप, पिण्याच्या पाण्याची सोय, निवासाच्या खोल्या, गावाकडून मिळणारी हत्यारे आणि कामावर उभे राहणाऱ्या जाणत्या माणसांची संख्या नमूद करावी. सोबत सातवीच्या मुलांनी काढलेला टेकडीचा व ओघळींचा नकाशा जोडावा. पत्राची एक प्रत ग्रामपंचायतीस व एक गटशिक्षणाधिकारी यांच्या कार्यालयास पाठवावी.